घरी सांगायचं ते सिलेक्शनच्या आधी

तुझा प्रश्न दोनदा वाचला. चोपडा तालुक्यातलं गाव, बारावी सायन्स, 74 टक्के, वय नुकतंच अठरा पूर्ण. अग्निवीरची, म्हणजे सैन्यातल्या चार वर्षांच्या भरतीची, ऑनलाइन परीक्षा घरी न सांगता देऊन आलास, पास झालास, आता ग्राउंडची, म्हणजे धावण्याच्या आणि शारीरिक चाचणीची, तारीख यायची आहे. इकडे वडिलांनी इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरलाय आणि केळीचा माल गेला की त्या पैशातून फी भरायची असं ठरवलंय. आईला बीपीचा त्रास. आणि तू विचारतोस, "कॉलेजच्या आधी फौजेत जायचंय हे घरी कसं सांगू? की सिलेक्शन झाल्यावरच सांगितलेलं बरं?"

शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देतो. नाही. सिलेक्शनच्या आधी सांग, आणि लवकर सांग.

मी तोफखान्यात सव्वीस वर्षं काढली, नायब सुभेदार होऊन घरी आलो. आता अमळनेर तालुक्यात सकाळी पोरांकडून ग्राउंड करून घेतो. सैन्य, पोलीस, एसआरपी म्हणजे राज्य राखीव पोलीस, ज्याला जे भरायचं असेल ते. माझं पोट त्यावर नाही, पेन्शन आहे. तरी मी फौजी माणूस, माझा कल कुणीकडे असणार ते धरूनच पुढचं वाच. दर साली दोन-चार घरी तरी मला जावं लागतं. ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा आणि बापाचं ऐकून घ्यायचं. एका घरी तर भरीत-भाकरी पोटभर खाऊ घालून मग म्हणाले, "सर, पोरगं काही द्यायचं नाही."

तुला वाटतंय अडचण "कसं सांगू" ही आहे. मला त्यात दोन गोष्टी गुंतलेल्या दिसतात. एक, तुला फौजेत जायचंय. दोन, गेले काही महिने तू घरात काहीतरी लपवतोयस. आईवडिलांचा राग येईल तो बहुतेक दुसऱ्या गोष्टीचा येईल, आणि तुला वाटेल की पहिलीचा आला. मग तू फौजेची बाजू मांडत बसशील आणि ते ऐकणारच नाहीत, कारण त्यांचं दुखणं वेगळं आहे.

हे मी स्वतःच्या अंगावर काढलंय. 1995 साली भरतीला गेलो तेव्हा घरी सांगितलं होतं की जळगावला मामाकडे चाललोय. सिलेक्शन झालं, नाशिकरोडचं तोफखान्याचं केंद्र मिळालं. आनंदात संध्याकाळच्या एसटीने गावात उतरलो. पण माझ्याबरोबर धावलेला शेजारच्या गावचा एक जण दुपारच्या गाडीने आधीच पोहोचला होता. माझे वडील दाढीला बसले होते, तोंडाला साबण लावलेला, आणि तिथे कुणीतरी म्हणालं, "आप्पा, पेढे कधी?" त्यांना कशाचे पेढे तेच माहीत नव्हतं. घरी आलो तर ते खळ्यात कापसाचं गाठोडं बांधत होते. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं, गाठ मारली आणि आत निघून गेले. स्टेशनवर सोडायला आले नाहीत. ट्रेनिंग संपवून पहिल्या सुट्टीत घरी आलो तेव्हा दारात पहिला शब्द आला तो "कसाले उना?", कशाला आलास. फौजेवर त्यांचा काडीचा राग नव्हता. चुलत आजोबा त्याच वर्दीत होते. गावासमोर ते अडाणी ठरले, तेही पोटच्या पोरामुळे, हे त्यांना लागलं. पुढे सगळं निवळलं, पण दोन सुट्ट्या वाया गेल्या.

तुझं तर त्याहून लवकर बाहेर पडेल. रॅलीला, म्हणजे भरतीच्या ग्राउंडला, कागद काय लागतात ते एकदा नीट वाच. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, चारित्र्याचा दाखला आणि अविवाहित असल्याचा फोटोसकट दाखला. शेवटचे दोन गेल्या सहा महिन्यांतले हवेत. अविवाहितचा दाखला तुला सरपंचाकडून आणायचाय. सकाळी तू सहीला गेलास की दुपारपर्यंत पारावर बातमी आणि संध्याकाळी वडिलांच्या कानावर. अठराच्या आतला असतास तर वडिलांच्या सहीशिवाय भरतीचा फॉर्मच पुढे सरकला नसता. तुला ती सही लागत नाही, म्हणून तुला लपवायची सोय झाली, एवढंच.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तू एकुलता एक आहेस का, बहिणीचं लग्न व्हायचंय का, सोसायटीचं कर्ज किती आहे, यातलं काहीच तू लिहिलं नाहीस. फॉर्म जीडीचा, म्हणजे जनरल ड्युटीच्या साध्या शिपायाचा, भरलास की टेक्निकलचा तेही नाही. जीडीला दहावी पुरते, टेक्निकलला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, इंग्रजी लागतं. तुझे 74 टक्के असताना फक्त जीडी भरला असशील तर वडिलांचा पहिला प्रश्न तोच असेल, आणि तो बरोबर असेल. आणखी एक तुझं तूच तपास. इंजिनिअरिंगच्या मॅथ्स-टूची भीती वाटते म्हणून निघालायस का? मित्र चालला म्हणून? मोबाईलवर रात्री वर्दीतल्या पोरांच्या रील बघून? अशी पोरं माझ्याकडे येतात, आणि त्यांच्या बापांच्या बाजूने मी बोलतो. तीन महिने पहाटे साडेचारला उठून, थंडीत, कुणी हाक न मारता धावतोयस, तर मग बोलण्यात अर्थ आहे.

आईवडील "नाही" म्हणतात तेव्हा त्या एका शब्दात चार वेगवेगळी माणसं बोलत असतात. आपल्याकडच्या बापाला मरणाची भीती असते, पण तो ती बोलून दाखवत नाही. तो बोलतो हिशोबाचं. "चार वर्षांनी काय? पुन्हा घरीच ना?" आई हिशोबाचं बोलत नाही, ती भीतीचं बोलते. काका बोलतो समाजाचं, "लग्नाला मुलगी कोण देईल." आणि थोरली बहीण किंवा शिकलेला मामा बोलतो कॉलेजचं. प्रत्येकाला वेगळं उत्तर लागतं. "देशसेवा करायची आहे" हे एकच वाक्य चौघांच्या तोंडावर फेकलंस तर एकाचंही समाधान होणार नाही. खरं सांगू का, देशसेवा हा शब्द पहिल्या दिवशी काढूच नकोस. त्या शब्दापुढे बापाला नाही म्हणता येत नाही, आणि नाही म्हणता न आलेला बाप मनात धरून बसतो.

हिशोबाला वहीचं एक पान घे. त्यात कमी-जास्त काही लपवू नकोस, कारण चार वर्षांचं, पेन्शनचं सगळं पानटपरीवर रोज बोललं जातं. पहिल्या वर्षी पगार महिना 30,000, त्यातले 30 टक्के सेवानिधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या ठेवीत, जातात, हातात 21,000. दुसऱ्या वर्षी 33,000, तिसऱ्या वर्षी 36,500, चौथ्या वर्षी 40,000, तेव्हा हातात 28,000. राहणं, जेवण, कपडे फौजेचे. फील्डला असलास तर भत्ते वेगळे. तुझे जितके कापतात तितकेच सरकार टाकतं. चार वर्षांनी दोन्ही मिळून 10.04 लाख, व्याज धरून 11.71 लाखांच्या आसपास, आणि त्यावर आयकर नाही. हे झालं डाव्या बाजूला. उजव्या बाजूला तितक्याच मोठ्या अक्षरात लिही: पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, पुढे कायम होणार ते जास्तीत जास्त 25 टक्के, आणि मन उडालं म्हणून मधेच सोडून येता येत नाही, अपवादात्मक कारण असेल तरच. निमलष्करी दलांत माजी अग्निवीरांना आरक्षण आणि वयात सूट जाहीर झालेली आहे, ते खाली लिही, पण ती हातातली नोकरी नाही हेही सांग. योजना जाहीर झाली जून 2022 मध्ये, पहिली पोरं ट्रेनिंगला बसली 2023 च्या तोंडाशी. म्हणजे चार वर्षं पुरी करून बाहेर पडलेल्यांचं पुढे कसं चाललंय, याचा वर्षानुवर्षांचा दाखला अजून कुणाकडेच नाही. कुणी क्लासवाला छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्या बोर्डावर "शंभर टक्के गॅरंटी" लिहिलेलं आहे का ते बघ, आणि असेल तर चालायला लाग. पैसे घेऊन आत घालतो म्हणणारा भेटला तर त्याची गोष्ट घरी काढूसुद्धा नकोस, बापाचा सगळ्यावरचाच विश्वास उडतो.

उजवी बाजू वडिलांनी स्वतः शोधून काढली तर ते तुझ्या विरोधातलं हत्यार होतं. तूच लिहून पुढे ठेवलीस तर दोघांनी मिळून बघायचा हिशोब होतो. असं पान घेऊन गेलेल्या घरात माझा चहा लवकर संपतो.

आईशी मात्र हे पान उपयोगाचं नाही. इथे माझी दुसरी चूक सांगतो. 1999 च्या मे महिन्यात कारगिलच्या लढाईसाठी आमची तोफ द्रासकडे निघाली. घरी एसटीडीवरून फोन केला तेव्हा आईला म्हणालो, "नाशिकलाच आहे, देवळालीला फायरिंग चाललंय, आवाज येतो म्हणून मोठ्याने बोलतो." बरं वाटेल तिला, एवढाच विचार. जूनमध्ये शेजारी टीव्हीवर बातम्या लागल्या, डोंगर दिसले, तोफा दिसल्या. गावातला एक जाणता म्हणाला, या बोफोर्स, तुमचा पोरगा हेच काम करतो ना. तिने दीड महिना कुणाला काही विचारलं नाही. मी सुखरूप आल्यावर तिने फक्त एवढंच म्हटलं की आता तू नाशिकला आहे म्हणालास तरी मी जागीच राहणार. आणि खरंच, पुढची वीस वर्षं मी पुण्यात असलो तरी तिला वाटायचं मी सीमेवर आहे. एका खोट्याने तिची सगळी शांततेची वर्षं गेली.

म्हणून आईला "मला ऑफिसात बसवतील", "आता लढाया कुठे होतात" असलं काही सांगू नकोस. युनिट कुठलं मिळेल, पोस्टिंग कुठे होईल, हे तुझ्या हातात नाही. तिला खरं सांग: धोका आहे, बर्फ आहे, महिना-महिना फोन लागणार नाही अशी जागाही मिळू शकते. वर्षाला 30 दिवस सुट्टी असते. ती विचारणार नाही, पण वडील कधीतरी विचारतील म्हणून हेही माहीत असू दे: ड्युटीमुळे मृत्यू आला तर 48 लाखांचा विमा, 44 लाखांचं सानुग्रह अनुदान, उरलेल्या काळाचा पगार आणि सेवानिधी घरच्यांना मिळतो, कुटुंबाला पेन्शन मात्र नाही. हे आकडे आईसमोर काढायचे नाहीत. आईशी बोलताना बीपीची गोळी घेतलेली असू दे, बाजूला बस, आणि ती रडली तर रडू दे. समजूत घालायची घाई केलीस की ती तुझ्यासाठी रडणं थांबवते आणि मग रात्री एकटी रडते.

आपल्याकडच्या पोरांची एक सवय आहे, आईला सांगायचं आणि आईने वडिलांना सांगायचं. ती सोड. वडिलांचा पहिला वार मग तिच्यावर होतो, "तुले म्हाईत व्हतं ना?" आणि ज्या माणसाने तुझ्या बाजूने उभं राहायचं ती आधीच आरोपी होते. माझ्यासारख्या मास्तरालाही पुढे करू नकोस. एकदा एका पोराच्या आग्रहाने मीच आधी जाऊन बापाशी बोललो. बाप हात जोडून म्हणाला, "तुम्ही सांगताय म्हणजे माझ्या पोराने मला सांगायच्या लायकीचा समजलं नाही." त्या घरी मी पुन्हा गेलो नाही. आधी तू बोल. त्यांना काही विचारायचं असेल तर मग मला किंवा गावातल्या माजी सैनिकाला बोलवा.

कधी बोलायचं? जेवायच्या ताटावर नको, पाहुण्यांसमोर नको, फोनवर तर नकोच. तुमच्याकडे पंपाची लाईट रात्रीची असेल त्या आठवड्यात वडिलांबरोबर मळ्यात जा. ड्रीपचा व्हॉल फिरवून झाला की लाईट जाईपर्यंत बांधावर बसण्याशिवाय काम नसतं. अंधारात एकमेकांचं तोंड दिसत नाही, केळीच्या पानांचा आवाज चालू असतो, आणि बापालाही लगेच उत्तर द्यावं लागत नाही. पहिलं वाक्य फौजेचं नको, परीक्षेचं असू दे. "आप्पा, मी तुम्हाला न विचारता एक परीक्षा दिली. सांगायला हवं होतं, चुकलो." तुझ्या घरी जी हाक असेल ती घाल, पण हे वाक्य आधी. मग कसली परीक्षा ते सांग आणि गप्प बैस. ते ओरडतील किंवा उठून दुसऱ्या व्हॉलकडे जातील. जाऊ दे. त्या रात्री वहीचं पान खिशातून काढायचं नाही. ते आठ दिवसांनी, त्यांनी स्वतःहून "पगार किती रे?" विचारलं की.

विचारतात. माझ्याकडच्या एका पोराचा बाप पंधरा दिवस बोलत नव्हता. सोळाव्या दिवशी पहाटे मोटरसायकलवर ग्राउंडच्या कडेला येऊन उभा राहिला. घोंगडी गुंडाळलेली, हेडलाईट चालूच. मी त्याच्या हातात स्टॉपवॉच दिलं. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारलं तर पूर्ण 60 मार्क, एवढंच समजावलं. पोरगं पाच मिनिटं चाळीस सेकंदांत आलं. बाप म्हणाला, "दहा सेकंद कमी पडतात. रात्री मोबाईल बघतो, झोपत नाही." पुढचे दोन महिने घड्याळ त्याच्याच हातात होतं.

आता कॉलेजचं, कारण तुझ्या वडिलांचं मन तिथे अडकलंय. इंजिनिअरिंग सोडतोयस हे सरळ मान्य कर. फौजेत राहून इंजिनिअरिंग होत नाही. इग्नू या मुक्त विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी आहे, खास अग्निवीरांसाठी, निम्मे क्रेडिट नोकरीतल्या प्रशिक्षणाचे आणि निम्मे अभ्यासाचे. ती पदवी आहे, पण बीई नाही. दोन्ही सारखंच असं सांगू नकोस.

आणि एक गोष्ट तू लिहिली नाहीस म्हणून मीच विचारतो: एनडीए, म्हणजे फौजेचे अधिकारी घडवणारी प्रबोधिनी, का नाही? यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते, बारावी पुरते, कोर्स सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस लागतं. तुझ्याकडे एखादी संधी उरलेली आहे. खडकवासल्याला तीन वर्षं, जेएनयूची पदवी, आणि बाहेर पडतोस ते अधिकारी व्हायच्या वाटेवर. तिथे "कॉलेज आधी की फौज आधी" हा वादच मिटतो. अवघड आहे, आपल्या भागातून फार थोडे निघतात, इंग्रजीत आणि मुलाखतीत अडकतात. तू विचार करून नाही म्हणत असशील तर ठीक. पण वडिलांनी कुणाकडून ऐकून विचारलं आणि तुला उत्तर सुचलं नाही, तर त्यांना वाटेल पोराने डोळे झाकून उडी मारली.

तोवर इंजिनिअरिंगचा प्रवेश सोडू नकोस. ग्राउंड झालं तरी मेडिकल असतं. कानात मळ साचला म्हणून, गुडघे जवळ येतात म्हणून, तळवा सपाट म्हणून चांगली धावणारी पोरं बाद झालेली मी पाहिली आहेत. अंतिम यादीला वेळ लागतो. घरी सांगताना हेही सांग: प्रवेश घेऊन ठेवू, कॉलेज सुरू झालं तर जाईन, यादीत नाव आलं तर फौजेत जाईन. मधेच सोडलं तर फी किती परत मिळते ते भरण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात विचारून घ्या, आणि ते विचारायला तूच जा. केळीच्या पैशातली फी आहे ती.

वडील शेवटपर्यंत नाहीच म्हणाले तर? तू अठराचा आहेस, कायद्याने जाऊ शकतोस. बहिणीचं लग्न डोक्यावर असेल किंवा वडील आजारी असतील तर मी म्हणेन एक वर्ष थांब, तुझं वय बसतं. तसं काही नसेल आणि त्यांचा नुसता जीव होत नसेल, तर सांगून जा, त्यांच्या रागासकट जा. न सांगता जाऊ नकोस.

बोलणं झालं, आठ-पंधरा दिवस गेले, घरातली हवा जरा हलकी झाली की अविवाहितच्या दाखल्याचं काम काढ. फोटो काढून घे आणि सरपंचाकडे एकटा जाऊ नकोस, वडिलांना म्हण, चला बरोबर. सरपंच कागद बघून विचारेलच, "काय आप्पा, पोराला फौजेत पाठवता का?" तेव्हा तू तोंड उघडू नकोस. ते काय उत्तर देतात ते ऐक.